आमच्या कारवानीची कावीळ

नांदेडला आमच्या कॉलनीत माझं नाव काही फारसं चांगलं नाही. कुणाच्या अंगणात पाणी साचलेलं दिसलं की मी बोलते. कुणी कुत्र्याचं पाण्याचं भांडं बाहेर उघडं ठेवलं की बोलते. उरलंसुरलं अन्न नालीत टाकताना कुणी सापडलं तर भांडतेच, कारण अन्नामागे उंदीर येतात आणि उंदरामागे काय येतं ते मला माहीत आहे. माझ्या कुत्र्याला लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे होणाऱ्या तापाची, लस मी न चुकता देते. पिल्लू होता तेव्हा काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा दिली, आता दरवर्षी एकदा. डॉक्टर दर वेळी बजावतात की या लसीने रोगाचे सगळेच प्रकार अडत नाहीत, तेव्हा उंदीर आणि साचलेलं पाणी यांच्यावर लक्ष ठेवायलाच हवं. मी मान डोलावते. मागे एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही हे एवढं मनावर कसं घेतलंत? लोकांना तर या रोगाचं नावसुद्धा ठाऊक नसतं." मी म्हणाले, "वाचलं होतं कुठंतरी." पन्नाशी उलटलेली बाई मी, त्या माणसासमोर धडधडीत खोटं बोलले, आणि घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

वाचलंबिचलं काही नव्हतं. आमच्या घरात कावीळ उतरवत असत.

लातूरजवळच्या मुरुडला माझ्या वडिलांचं, अप्पांचं, भुसाराचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, त्याच्याही मागे ज्वारी-तुरीच्या पोत्यांची कोठी आणि एका गायीचा गोठा. पण आसपासच्या गावांत अप्पांना दुकानासाठी कुणी ओळखत नसे. ओळखत ते काविळीच्या औषधासाठी. ते त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आलं होतं. गुरुवारी आणि रविवारी सकाळी लिंगपूजा झाली की कपाळभर विभूती लावून अप्पा ओसरीवर बसत आणि उपाशीपोटी आलेल्या माणसांना कसल्याशा पाल्याचा रस ताकातून देत. मग हात धुवायचे. रोग्याच्या तळहातावर एका झाडाच्या सालीचं पाणी घालायचं, वर चिमूटभर चुना ठेवायचा, रोग्याने हात एकमेकांवर चोळायचे आणि अप्पांनी वरून तांब्याने पाणी सोडायचं. खाली परातीत पिवळंधमक पाणी जमा होई. "उतरली बघा," अप्पा म्हणत, आणि रोग्याच्या सोबत आलेली माणसं हात जोडत.

पैसा घ्यायचा नाही हा नियम होता. घेतला तर हाताचा गुण जातो म्हणे. महादेवाला नारळ फोडा, तेलकट खाऊ नका, पडून राहा, एवढं सांगून अप्पा पुढच्याला बोलवत. तांब्या भरून देण्याचं काम माझं. मी तेव्हा नववीत होते आणि मला त्या तांब्याचा भलता तोरा होता. शाळेत माझ्याशी सहसा कुणी वाकड्यात शिरत नसे. उद्या डोळे पिवळे झाले तर आमच्याच ओसरीवर यायचं होतं ना!

काविळीची बरीच माणसं पथ्याने आणि पडून राहिल्याने आपली आपण बरी होतात, हे मला फार पुढे कळलं. बरी झालेली माणसं पेढे घेऊन आमच्याकडे यायची. जी बरी झाली नाहीत ती सांगायला आली नाहीत.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादचे होतो ते लातूरचे झालो, गुलाल उधळून झाला, आणि पाऊस गायब झाला. गावात थट्टा चालायची की पावसाला नवा जिल्हा अजून सापडलेला नाही, तो जुन्याच पत्त्यावर जातोय. जुन्या पत्त्यावरही तो पडत नव्हता ही गोष्ट वेगळी. विहिरीचा तळ दिसायला लागला, टँकर सुरू झाला, गावाबाहेर गुरांची छावणी पडली. घरात पाण्याचा थेंब वाया घालवायची कुणाची छाती नव्हती. आमची अव्वा, म्हणजे आई, आंघोळीचं पाणीसुद्धा मोरीच्या तोंडाशी घमेलं लावून धरायची आणि गोठ्याजवळच्या दगडी डोणीत नेऊन ओतायची. त्या डोणीवर गाय प्यायची, चिमण्या प्यायच्या, आणि आमचा कारवानी प्यायचा.

कारवानी म्हणजे आमच्या भागातला शिकारी कुत्रा. लांब पाय, आत गेलेलं पोट, आणि चालणं असं की जहागिरी गेली तरी ऐट गेलेली नाही. अप्पांनी तो पिल्लू असताना एका गिऱ्हाइकाकडून आणला होता. शिकारीला आमच्या घरात वाव नव्हता, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. त्याला दूध-भाकरी मिळायची. अप्पा स्वतः जेवायला बसण्याआधी त्याची भाकरी कुस्करून ठेवायचे. रविवारी तो ओसरीच्या पायरीवर पसरायचा आणि रोगी त्याला ओलांडून आत यायचे.

त्या उन्हाळ्यात त्यानं भाकरी हुंगून सोडून दिली. मग ओकला. पाणी मात्र सारखं प्यायचा. उठताना मागचे पाय ताठ व्हायचे आणि पाठीवरून हात फिरवला तर कण्हायचा. आम्हाला वाटलं ऊन बाधलं. रविवारी औषधाला आलेला एक म्हातारा त्याला ओलांडताना थांबला, वाकून बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, तुमच्या कुत्र्याचे डोळे पिवळे दिसून राहिले की!"

ओसरीवरची सगळी माणसं कुत्र्याकडे बघायला लागली. कुणीतरी फिसकन हसलं. अप्पाही हसले, पण त्यांच्या मानेवरची शीर तट्ट फुगलेली मी बघितली. "हळद सांडली असंल कुणी," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाच्या हातावर साल-पाणी घातलं. मला इतकी लाज वाटली की मी तांब्या भरायच्या निमित्तानं आत पळाले. ज्या घरात लोकांची कावीळ उतरते त्या घरच्या कुत्र्याला कावीळ! उद्या हे गावभर होणार, आणि शाळेत तर होणारच होणार.

रोगी गेल्यावर अप्पांनी त्याला मागे गोठ्यात नेऊन बांधलं आणि पुढं कडब्याच्या पेंढ्या लावल्या. कुणी विचारलं तर लेकीच्या घरी राखणीला धाडलाय म्हणून सांगायचं ठरलं. मोठी बहीण इस्लापूरकडे दिली होती, तिथं जाऊन कोण खात्री करतो! अव्वानं एकदाच विचारलं, "छावणीवर जनावरांचे डॉक्टर येतात म्हनं, दाखवावं का?" अप्पा म्हणाले, "कावीळच हाय. कावीळ मला कळत न्हाई का?"

गुरुवारी रोगी यायच्या आधी त्यांनी त्याला औषध दिलं. मी जबडा धरला, त्यांनी रस आत सोडला. निम्मा बाहेर आला. मग ते पाटावर बसले, त्याचे पुढचे पंजे परातीत घेतले, साल-पाणी घातलं, चुना लावला आणि चोळायला लागले. मी वरून पाणी सोडत होते. रोग्याचे हात रोगी स्वतःच चोळायचा, अप्पांचा हात कधी त्याला लागायचा नाही. कुत्र्याला कोण सांगणार हात चोळ म्हणून? अप्पाच चोळत होते, बराच वेळ, प्रेमानं, बोटाबोटांच्या मधून.

परातीत पिवळं पाणी उतरलं. "उतरली बघ!" अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मीही हसले. मग त्यांनी पाणी निथळायला हात वर उचलले. त्यांचे दोन्ही तळहात पिवळे होते. कुत्र्याच्या पंजांपेक्षा जास्तच पिवळे. अप्पांना काही कावीळ झालेली नव्हती.

ते हाताकडे बघत राहिले. मीही बघितलं, आणि मी बघितलंय हे त्यांनी बघितलं. त्यांनी राखेनं हात घासले, पुन्हा घासले, आणि बाहेर माणसं आल्याचा आवाज आला तेव्हा उपरण्याला पुसत ओसरीवर गेले. मी नवा तांब्या भरून मागोमाग गेले. त्या दिवशी ज्याचे ज्याचे हात पिवळे झाले त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

कुत्रा सुधारला नाही. लघवी चहाच्या रंगाची व्हायला लागली, मग फारशी होईनाच. गोठ्यातली घाण अव्वाच काढायची, उघड्या हातांनी, भेगा पडलेल्या तळपायांनी. शेवटी अप्पांना न विचारता तिनंच छावणीवरच्या डॉक्टरांना निरोप धाडला. ते आले तेव्हा अप्पा दुकानातून धावत मागे गेले आणि म्हणाले, "बोळातून या, मागच्या दारानं." चोर घरात घ्यावा तसं आम्ही डॉक्टरांना घरात घेतलं.

डॉक्टरांनी कुत्र्याचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, पाठ दाबली. "उंदीर धरतो का?" त्यांनी विचारलं.

"आमी शिवाला मानणारी माणसं, डॉक्टर. आमच्यात असलं काय चालत न्हाई," अप्पा म्हणाले.

"तुमचं नाही हो विचारलं, याचं विचारलं."

"रोज धरतो की," अव्वा म्हणाली. "कोठीत लई झालेत."

डॉक्टर पोत्यांकडे बघून आले, डोणीकडे बघून आले. डोणीच्या काठाला उंदरांच्या लेंड्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. उंदराच्या लघवीतून या रोगाचे जंतू बाहेर पडतात. उंदराला त्याचं काहीच होत नाही. ते जंतू पाण्यात आणि ओलसर मातीत टिकून राहतात आणि कुत्र्याच्या तोंडातून, नाका-डोळ्यांतून, पायाच्या चिरेतून आत शिरतात. आधी ताप, उलटी, अंगदुखी. मग लिव्हर धरतात, म्हणून डोळे पिवळे. मग मूत्रपिंड धरतात. "पावसाळ्यात हा रोग जास्त दिसतो," ते म्हणाले. "पण दुष्काळात पाणीच एका जागी उरतं. उंदीर, गाय, कुत्रं, सगळे तिथंच तोंड घालतात. गायीवर पण लक्ष ठेवा."

"म्हंजी कावीळ न्हाई?" अप्पांनी विचारलं.

"कावीळ हे लक्षण आहे, अप्पा. रोग वेगळा. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन भरलं. यावर लस निघाली आहे, पण ती पुण्या-मुंबईकडून बर्फात घालून आणावी लागते, असं ते सुई टोचता टोचता म्हणाले. निघताना अव्वाकडे वळले. "माणसालाही होतो हा. याची घाण उघड्या हातांनी काढू नका. डोणीतलं पाणी ओतून टाका, ब्लिचिंग पावडर टाकून घासा, उन्हात कोरडी पडू द्या. घरात कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर सरळ दवाखान्यात जा, आणि पहिल्यांदा सांगा की आमच्या घरी असं कुत्रं होतं. तुम्ही लपवलं तर त्यांच्या ध्यानात यायचं नाही."

लपवलं हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. अप्पांनी मान खाली घातली.

डॉक्टर बोळातून गेले. अव्वा डोणीपाशी जाऊन उभी राहिली. भरली डोणी होती. "टँकरपाशी बाया एकमेकींच्या झिंज्या उपटून राहिल्यात," ती म्हणाली, "अन् मी हे मातीत ओतू? शेजारणी काय म्हनतील?" तिनं ते पाणी ओतलं नाही. गोठा आणि परस सारवायला घेतला. शेणात ते पाणी कालवून, चिरा पडलेल्या हातांनी, डोणी रिकामी होईपर्यंत. मी समोर उभी होते आणि मलाही ते शहाणपणाचंच वाटलं, डॉक्टरांचंही ऐकलं आणि पाणीही वाया गेलं नाही. दुष्काळानं आम्हाला शिकवलेलं शहाणपण ते एवढंच होतं.

इंजेक्शनं चालू असतानाच कारवानी गेला. अप्पांनी परसात स्वतः खड्डा खणला. आमच्या लिंगायतांत माणसाला पुरतात, तसं त्याला पुरलं, आणि माती लोटायच्या आधी इकडं-तिकडं बघून त्याच्या कपाळाला विभूती लावली. मी फार रडले. अप्पा रडले नाहीत, पण कित्येक दिवस जेवायला बसण्याआधी त्यांचा हात भाकरी कुस्करायला जायचा आणि थांबायचा.

आणि रविवार आले तसे ते ओसरीवर बसतच राहिले. मला हे सगळ्यात जास्त सलतं. माणसं येत होती, हात चोळत होती, परातीत पिवळं पाणी पडत होतं, आणि "उतरली बघा" हे शब्द अप्पा आता परातीकडे न बघता म्हणत होते. मी तांब्या भरून देत होते. आमची नजरानजर होत नसे. बसू नका म्हणून मी त्यांना सांगायला हवं होतं की त्यांनी मला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. औषध खोटं म्हणायला तोंड उघडलं असतं तर लोकांनी इतकी वर्षं महादेवाला फोडलेल्या नारळांचं काय करायचं?

मग अव्वाला ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की पांघरूण टेकवू देत नव्हती. डोळे आधी लाल झाले. शनिवारी संध्याकाळी मी तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळेपणा बघितला आणि अप्पांना हाक मारली. ते आले, बघितलं, आणि बाहेर गेले. मला वाटलं पाला आणायला गेले. ते शेजारच्या व्यापाऱ्याकडे सकाळसाठी जीप मागायला गेले होते.

अव्वा बरी झाली हे आधीच सांगून टाकते. लातूरच्या दवाखान्यात गेल्या गेल्या अप्पांनी कुत्र्याचं सांगितलं, डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले, आणि ती पुढे कितीतरी वर्षं आमच्यावर ओरडायला शिल्लक राहिली. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, जीप दाराशी उभी होती तेव्हाचं.

रविवार होता. ओसरी भरलेली होती. अप्पांनी अव्वाला दोन्ही हातांवर उचलून त्या सगळ्यांच्या मधून बाहेर आणलं. आजवर आमच्या घरातल्या बाईला असं चारचौघांत कुणी उचललं नव्हतं. अव्वानं डोळे मिटून घेतले होते, पण तिचा पिवळा चेहरा सगळ्यांना दिसला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. अप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी चढले, तेवढ्यात एक म्हातारी आपल्या सुनेला हाताला धरून जीपपाशी आली. सून तरणी होती, तिच्यानं उभं राहवत नव्हतं, आणि तिचे डोळे हळदीसारखे होते.

"अप्पा, कामून पळून राहिलात? आमचं औषध दिऊन जावा," म्हातारी म्हणाली. "लई लांबून चालत आलाव."

"मावशी, आज औषध न्हाई. तुमी बी चला लातूरला. दवाखान्यात दाखवू हिला."

"दवाखान्याचं काय काम? तुमच्या हाताला गुण हाय. आमचा इस्वास तुमच्यावर."

सगळी ओसरी ऐकत होती. मी मनातल्या मनात महादेवाला विनवत होते की अप्पांना काहीतरी सुचू दे. आज सोवळं मोडलंय म्हणू दे, पाला संपलाय म्हणू दे, काहीही म्हणू दे, पण इथं, या लोकांसमोर कुत्र्याचं सांगू देऊ नको. मला माझ्या आईची काळजी वाटायला हवी होती. मला त्या क्षणी लाजेचीच काळजी होती.

अप्पा म्हणाले, "माझ्या कुत्र्याला कावीळ झाली व्हती. त्याला मी हेच औषध दिलं. ते मेलं. आता बायकोला झाली. तिला मी हे देत न्हाई, दवाखान्यात निऊन राहिलो."

म्हातारीनं अव्वाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग अप्पांकडे.

"मंग आमाला कामून देता?" तिनं विचारलं.

ती रागावलेली नव्हती. तिला खरोखरच कळलं नव्हतं, म्हणून ती विचारत होती. अप्पा खाली उतरले. सुनेला त्यांनी आपल्या जागेवर बसवलं, म्हातारीला हात देऊन मागे माझ्यासमोर चढवलं, आणि स्वतः मागच्या दांडीला धरून पायरीवर उभे राहिले. लातूर येईपर्यंत म्हातारी मान वर करून त्यांच्या तोंडाकडे उत्तराची वाट बघत होती, आणि आम्ही बाप-लेक रस्त्याकडे बघत होतो.